किटण ते किटण, त्यात बघायचं काय? : रिफायनरीतला काळा थर मायक्रोस्कोपखाली

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले अडखळे तेवढे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

कुणी लोकलमध्ये लटकून ऐकत असेल, कुणी भांडी घासता घासता. भांडी घासणाऱ्यांना आज जरा जास्त मजा येईल, कारण विषय किटणाचा आहे.

मागे एकदा बोलण्याच्या ओघात मी म्हणाले होते, की माझा कामातला बराच वेळ रिफायनरीतून आलेलं किटण मायक्रोस्कोपखाली बघण्यात जातो. त्यावर एकाचा मेसेज आला, "ताई, किटण ते किटण. घासायचं आणि मोकळं व्हायचं. त्यात बघायचं काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. आजचा भाग म्हणजे त्याचंच उत्तर.

आधी हे किटण बसतं कुठे ते बघू. चेंबूरहून माहुलकडे गेलात की रिफायनरीचे उंच मनोरे दिसतात. त्या मनोऱ्यांत कच्च्या तेलाचे वेगवेगळे भाग होतात. पण तेल मनोऱ्यात सोडण्याआधी ते ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं. सगळी उष्णता भट्टीतून द्यायची म्हटलं तर इंधनाचा खर्च परवडणार नाही. म्हणून युक्ती अशी, की मनोऱ्यातून बाहेर पडणारे गरमागरम पदार्थ आत येणाऱ्या गार तेलाला आपली उष्णता देऊन जातात. ही देवाणघेवाण जिथे होते तो हीट एक्स्चेंजर. एक मोठं आडवं पिंप, त्यात शेकडो नळ्या. नळीच्या आतून एक द्रव, बाहेरून दुसरा, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची धातूची भिंत. असे एक्स्चेंजर एकापुढे एक ओळीने लावलेले असतात आणि त्यांतून जाता जाता तेल २५० अंशांच्या पुढे पोचतं. उरलेलं काम भट्टीचं.

आता त्या नळीवर काळा थर बसला की काय होतं? साध्या कार्बन स्टीलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता, तिच्या एककात, ५०च्या आसपास असते. तेलकट काळ्या थराची १च्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी. ढोबळ हिशेब करा. एक मिलिमीटर किटण म्हणजे पाच सेंटिमीटर जाडीचं पोलाद मध्ये घातल्यासारखं! मग तेल पुरेसं तापत नाही, भट्टीला जास्त इंधन जाळावं लागतं, धूर वाढतो आणि एक दिवस एक्स्चेंजर उघडून धुवावाच लागतो. धुणं म्हणजे आपलं काथ्या-राख नव्हे. नळ्यांचा अख्खा जुडगा क्रेनने बाहेर ओढतात आणि प्रचंड दाबाच्या पाण्याने झोडपतात.

तर मेसेजवाल्या दादाचं म्हणणं हेच, की झोडपा आणि पुन्हा लावा. लावतात हो. पण सहा महिन्यांनी थर परत हजर. तो का बसला हे कळलं नाही तर आयुष्यभर धूत बसा. आणि का बसला हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, कारण थर काळा म्हणजे काळाच दिसतो. सगळी गंमत इथे आहे.

त्या काळ्यात काय काय असू शकतं? एक म्हणजे मेण. आपल्या मुंबई हायचं तेल, जे १९७४ साली सापडलं, ते मेणकट म्हणून ओळखलं जातं. पण मेण गार जागी बसतं, समुद्रतळावरच्या पाइपलाइनमध्ये वगैरे. गरम एक्स्चेंजरमध्ये ते विरघळलेलंच राहतं. दुसरं, अस्फाल्टीन. तेलातला सगळ्यात जड, डांबरासारखा भाग. तो टोल्युइनमध्ये विरघळतो आणि हेप्टेनमध्ये विरघळत नाही. त्याची व्याख्याच तशी केलेली आहे. तिसरं, कोक. म्हणजे तेल जळून, खरं तर शिजून शिजून झालेला कोळसा. चौथं, मीठ. हो, साधं मीठ. कच्च्या तेलाबरोबर जमिनीतलं खारं पाणी येतं, ते डिसॉल्टर नावाच्या टाकीत काढून टाकतात. तिथे कसर राहिली की मीठ पुढे जातं. आणि पाचवं, आयर्न सल्फाइड. साधारण २३०-२५० अंशांच्या वर तेलातला गंधक पोलादाला खायला लागतो. त्यातून जे तयार होतं तेही काळंच.

आता बघा, प्रत्येकाचा इलाज वेगळा. मीठ असेल तर डिसॉल्टर सुधारा. सल्फाइड असेल तर नळीचा धातू बदला, किंवा ते वरच्या बाजूला कुठे तयार होतंय ते शोधा. कोक असेल तर भिंतीचं तापमान कमी करा, प्रवाहाचा वेग वाढवा. अस्फाल्टीन असेल तर कुठली दोन तेलं एकत्र केली ते तपासा. ही शेवटची गोष्ट मला फार आवडते. दोन कच्ची तेलं, दोन्ही आपापल्या जागी शहाणी. पण एकात एक ओतली की अस्फाल्टीन साक्यासारखे खाली! त्यातही कशात काय ओतलं, याने फरक पडतो. एक्सॉनमध्ये काम केलेले अर्विन वीही यांनी यावर गणिताची एक साधी पद्धत बसवली. प्रत्येक तेलाला दोन आकडे द्यायचे: अस्फाल्टीन विरघळवून ठेवायची त्याची ताकद किती आणि ते विरघळलेलं राहायला किमान किती ताकद लागते. मिश्रणाची ताकद त्या किमान आकड्याच्या खाली गेली, की खेळ खलास. म्हणून हलकं तेल जड तेलात हळूहळू घालायचं, उलट नाही. कढीत ताक फाटू नये म्हणून जी काळजी घेतो तिचाच हा चुलत भाऊ समजा.

म्हणजे रोगाचं निदान चुकलं तर औषध चुकलं. आणि इथलं औषध कोट्यवधींचं असतं.

आता मायक्रोस्कोपकडे येते. पण त्याआधी माझी एक तक्रार आहे ती ऐकाच. नमुने कसे पाठवतात माहितीये? एका कारखान्याने (नाव घेत नाही) झिपलॉकच्या पिशवीत पाव किलो काळी पूड पाठवली. खरवडून, चुरून, वर चिठ्ठी: "काय आहे ते कळवा." अहो, पुस्तकाची पानं फाडून, त्यांची भुकटी करून पाठवलीत आणि विचारता गोष्ट काय होती! थरात सगळ्यात महत्त्वाचं काय असतं? क्रम. धातूला चिकटलेली बाजू म्हणजे पहिल्या दिवसाची. तेलाकडची बाजू म्हणजे कालची. आधी मीठ बसलं आणि त्यावर अस्फाल्टीन चिकटले, की आधी अस्फाल्टीन आले आणि त्यात मीठ अडकलं? पूड केली की हा प्रश्नच संपला.

म्हणून नमुना पापुद्र्याच्या रूपातच हवा, शक्यतो नळीच्या तुकड्यासकट. पाण्याचा फवारा मारायच्या आधी घेतलेला. धातूकडची बाजू कुठली, गरम टोकाचा की गार टोकाचा, हे लिहिलेलं. आणि हवाबंद डब्यात, नायट्रोजन भरून. हवाबंद का? तर बारीक आयर्न सल्फाइड हवेत आलं की ऑक्सिजनशी लगेच भिडतं, तापतं, कधीकधी आपोआप पेट घेतं. उघडलेला जुडगा म्हणूनच ओला ठेवतात. आगीची भीती आहेच, शिवाय माझ्यापर्यंत येईतो सल्फाइडचा गंज झालेला असतो. मग मी रिपोर्टमध्ये लिहिणार "लोखंडाचा ऑक्साइड", आणि खरा गुन्हेगार सुटणार.

नमुना आला की थेट मोठ्या यंत्राकडे धावायचं नाही. आधी साधा प्रकाशाचा मायक्रोस्कोप, त्याला दोन पोलरायझर. पोलरायझर म्हणजे प्रकाशाची एकाच दिशेची थरथर पुढे सोडणारी चाळणी समजा. एक नमुन्याखाली, एक वर, आणि दोघांच्या दिशा एकमेकांना काटकोनात. आता प्रकाश पार जाणारच नाही, अंधार. पण मध्ये असा स्फटिक आला की जो प्रकाशाची दिशा फिरवतो, तर तेवढाच भाग अंधारात लखलखतो. मेण लखलखतं. अस्फाल्टीन काळेच राहतात. मिठाचे स्फटिकही अंधारातच राहतात, कारण ते घनाकार, सगळ्या दिशांनी सारखे. एक पोलरायझर काढलात की मात्र त्यांचे चौकोन स्पष्ट दिसतात.

हे घरी करून बघता येतं, खरंच. फोल्डस्कोप ऐकलाय? कागद दुमडून करायचा मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाचा. साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि मोबाइलचा कॅमेरा त्याला लावता येतो. थंडीत बाटलीत गोठलेलं खोबरेल तेल असतं ना, त्याचा एक ठिपका काचेवर घ्या. पोलरायझर फिल्मचे दोन तुकडे मिळवा, शाळेच्या प्रयोगसाहित्याच्या दुकानात मिळतात. थिएटरचे थ्री-डी चष्मे नकोत, त्यांची फिल्म वेगळी असते. एक तुकडा खाली, एक वर, आणि वरचा फिरवत अंधार होईल तिथे थांबा. गोठलेल्या खोबरेलाचे स्फटिक काळ्या पडद्यावर उजळलेले दिसतील. मग काचेच्या कडेला बोट टेकवा. खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं, बोटाची ऊब पुरते. एकेक दिवा विझत जातो. आम्ही प्रयोगशाळेत हेच करतो, फक्त बोटाच्या जागी तापमान मोजत तापवणारी छोटी तबकडी असते.

कोकचं काय? तो अपारदर्शक, प्रकाश पार जाणार नाही. मग थर राळेत बसवायचा, आडवा कापायचा, आरशासारखा घासायचा आणि परावर्तित प्रकाशात बघायचा. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियात ब्रुक्स आणि टेलर या दोघांनी कोळसा आणि डांबर तापताना अशाच पद्धतीने बघितलं. त्यांना दिसलं, की काळ्या द्रवात बारीक गोल थेंब तयार होतात, ते वाढतात, एकमेकांत मिसळतात. त्या गोळ्यांत रेणू चपटे होऊन रांगेत लागलेले असतात, म्हणून पोलरायझरखाली ते चमकतात आणि तबकडी फिरवली की त्यांच्यावरची सावली फिरते. याला मेसोफेज म्हणतात. एक्स्चेंजरच्या थरात मला असे गोळे दिसले, तर हा नुसता गाळ नाही, इथे द्रव जवळपास ४०० अंशांना शिजलाय हे कळतं. कंट्रोल रूममधला आकडा २८० दाखवत असला तरी. तो आकडा वाहत्या तेलाचा असतो, भिंतीला चिकटून बसलेल्या थेंबाचा नाही. नाहीतर तो थर मुळात भट्टीत तयार होऊन दुसरीकडे वाहत आलाय. दोन्ही शक्यता गंभीर.

यानंतर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, एसईएम. इथे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत. नमुन्यावर आपटून परत येणारे इलेक्ट्रॉन मोजले, की जड मूलद्रव्यं उजळ दिसतात आणि हलकी काळी. म्हणजे डोळ्यांना सगळा काळा दिसणारा थर इथे पट्टेरी होतो! कार्बन काळा, आयर्न सल्फाइड पांढरं. शिवाय ईडीएस नावाची जोडणी असते. इलेक्ट्रॉन आपटल्यावर प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं, ते मोजून तिथे काय आहे हे सांगते.

एक नमुना सांगते. एका रिफायनरीत एक एक्स्चेंजर सारखा भरत होता. आधी दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तपासून सांगितलं होतं, "सेंद्रिय थर, मीठ नाही." त्यावरून अस्फाल्टीन विखरून ठेवणारं महागडं रसायन सुरू झालं होतं आणि फरक शून्य. आमच्याकडे पापुद्रा आला, सुदैवाने अख्खा. आम्ही तो पाण्याऐवजी तेलावर घासला. बस, एवढंच वेगळं केलं. धातूच्या बाजूला चौकोनी स्फटिकांची रांग, ईडीएसमध्ये सोडियम आणि क्लोरीन. त्याच्यावर काळा सेंद्रिय थर. आधी मीठ बसलं होतं, त्याने भिंत खडबडीत केली आणि मग बाकीचं चिकटत गेलं. आधीच्या लोकांनी बहुधा नेहमीच्या सवयीने पाणी टाकून पॉलिश केलं असणार. मीठ पाण्यात गेलं, गटारात गेलं, आणि रिपोर्ट आला "मीठ नाही". रिपोर्ट खोटा नव्हता हो. त्यांच्या नमुन्यात खरंच मीठ उरलं नव्हतं. त्यानंतर रिफायनरीने लक्ष डिसॉल्टरकडे वळवलं. पुढच्या वेळी उघडलं तेव्हा थर होता, पण पातळ, आणि त्या चौकोनांची रांग नव्हती.

यंत्र महागडं आहे म्हणून ते खोटं बोलणार नाही असं समजू नका. एक सापळा तर मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात दाखवते. गंधकाचा क्ष-किरण २.३१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येतो आणि मॉलिब्डेनमचा २.२९ला. ईडीएसला एवढा बारीक फरक दिसत नाही, दोन्ही एकाच डोंगरात मिसळतात. आणि रिफायनरीत मॉलिब्डेनम कुठे नसतं? ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलमध्ये असतं, गंधक काढायच्या उत्प्रेरकात असतं, काही ग्रीसमध्येही असतं. सॉफ्टवेअर आपलं आत्मविश्वासाने लेबल चिकटवतं, "गंधक". तुम्ही लिहिता आयर्न सल्फाइड, आणि प्रत्यक्षात ती उत्प्रेरकाची धूळ असते. उपाय आहे. झोताचा दाब २० किलोव्होल्टच्या वर नेऊन मॉलिब्डेनमची दुसरी रेषा १७.४च्या जवळ येते का ते बघायचं. पाच मिनिटांचं काम. पण ते करायचं सुचावं लागतं.

दुसरा सापळा यंत्राचा नाही, माणसाचा. हजार पट मोठं केल्यावर पडद्यावर जे दिसतं ते जेमतेम एक दशांश मिलिमीटर रुंद असतं. एक्स्चेंजरच्या नळ्यांचं क्षेत्रफळ शेकडो चौरस मीटर. या समुद्रातला कुठला थेंब तुम्ही बघताय? आपला हात नकळत सुंदर जागेकडे जातो. छान गोळे, झकास स्फटिक, प्रेझेंटेशनला शोभेल असा फोटो. मी सरळ नियम केलाय. आधी कमी मोठं करून अख्खा छेद बघायचा, मग ठरलेल्या अंतरावर थांबत थांबत फोटो घ्यायचे, तिथे कितीही कंटाळवाणं दिसलं तरी. कंटाळवाण्या फोटोंवर माझा जास्त विश्वास आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशासाठी? इंधन थोडं जास्त जळेल, रसायन वाया जाईल, कंपनीचं नुकसान, आपल्याला काय?

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात अनाकोर्टेस नावाचं गाव आहे. तिथे टेसोरो कंपनीची रिफायनरी होती. २ एप्रिल २०१०, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. नॅफ्थाच्या युनिटमध्ये एक्स्चेंजरच्या दोन समांतर रांगा होत्या. किटण बसायचं म्हणून एक रांग बंद करून धुतली होती आणि त्या रात्री ती पुन्हा सुरू करत होते. हे काम एकट्याने होत नाही, झडपा हळूहळू उघडाव्या लागतात, म्हणून नेहमीपेक्षा जास्त माणसं तिथे जमली होती. त्याच वेळी शेजारच्या, चालू असलेल्या रांगेतला एक एक्स्चेंजर फाटला. गरम हायड्रोजन आणि नॅफ्था बाहेर आला, पेटला. सात जणांचा जीव गेला.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने तपास केला, अहवाल २०१४ साली आला. एक्स्चेंजर फाटला तो किटणाने नव्हे. तापलेला हायड्रोजन पोलादात शिरतो, तिथल्या कार्बनशी मिळून मिथेन बनवतो. मिथेनचा रेणू मोठा, त्याला बाहेर पडता येत नाही. तो पोलादाच्या कणांच्या सीमेवर साठतो आणि बारीक बारीक भेगा पाडतो. त्या भेगा मायक्रोस्कोपखालीच दिसणाऱ्या, बाहेरून भिंत धडधाकट. बोर्डाचं म्हणणं होतं, की अशा भेगा तपासणीत सापडतील या भरवशावर राहू नका, मुळात जास्त क्रोमियमचं पोलाद वापरा. मला ते पटतं, आणि मी मायक्रोस्कोपवर पोट भरणारी बाई आहे.

पण ती माणसं त्या रात्री तिथे का होती? किटणामुळे. धुणं, बंद करणं, चालू करणं, यातला प्रत्येक फेरा म्हणजे माणसं गरम यंत्राच्या जवळ. थर का बसतो हे कळून एक जरी फेरा कमी झाला, तरी तेवढ्या वेळा कुणीतरी तिथे उभं नसतं. तर दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढं लांबलं.

दोन मेसेज राहिलेत, पटकन घेते. "या कामाला केमिकल इंजिनिअरच लागतो का?" नाही. आमच्याकडे भूगर्भशास्त्र शिकलेली एक मुलगी आहे, पोलरायझरखाली दगड ओळखायची तिला सवय, ती आमच्या सगळ्यांच्या पुढे आहे. दुसरा, "कढईचं किटण पाठवू का?" पाठवा की. पण आधीच सांगते, खायच्या तेलाचं किटण वेगळ्या घराण्यातलं. ते गरम हवेत ऑक्सिजन घेऊन आधी चिकट, मग कडक होतं, वॉर्निशसारखं. आणि पाठवलंत तर पापुद्रा पाठवा, कढईकडची बाजू कुठली त्यावर खूण करून. पूड नको!

खोबरेलाचा प्रयोग केलात तर फोटो टाका, सोबत खोलीचं तापमान लिहा. पुढच्या भागात भेटू.